पुलापलीकडची आई

त्या सकाळी पूल ओलांडून ड्रुसिला पुन्हा हॉटेलात पोचली, तेव्हा तिच्या झग्याचा घोळ चिखलाने भरला होता, हातमोज्यांतली बोटं बधिर झाली होती, आणि तिचा भाऊ काल सोडून गेली होती तसाच खिडकीशी उभा होता. थॅडियस हॅलोवेल, राज्याचा गव्हर्नर, हात पाठीमागे बांधून मिसुरी नदीकडे बघत होता. पल्याडच्या टेकाडावर थोरल्या भावाचं, ऑरिनचं, पांढरं घर तिथून स्वच्छ दिसायचं. त्या घराच्या मागच्या खोलीत आई न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली होती.

"नुसतं बघून आई बरी होत नसते," ड्रुसिला म्हणाली. "यायचं तर चल. नाहीतर पडदा तरी ओढून घे."

थॅडने पडदा ओढला नाही आणि टोपीही उचलली नाही. त्याने तिच्यासाठी शेगडीजवळ खुर्ची सरकवली. हा त्याचा जन्माचा स्वभाव. हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, समोरच्याला खुर्ची द्यायची.

अडचण काय आहे ते ड्रुसिलाला पाठ होतं. नदीच्या मधोमध राज्याची हद्द संपत होती. गव्हर्नरचं पाऊल हद्दीबाहेर पडलं की तो परत येईपर्यंत सगळा अधिकार उपगव्हर्नरकडे जायचा, तसा कायदाच होता. आणि उपगव्हर्नर रॉस्को बीमन खाली, याच हॉटेलच्या दिवाणखान्यात, पुलाकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. गावातल्या मांसाच्या कारखान्यात नाताळ झाल्यापासून संप चालू होता. कारखान्याच्या धुराच्या चिमण्या थंड पडल्या होत्या. नदीकाठच्या झोपड्यांतून बोहेमियन आणि पोलिश कामगारांच्या बायका बर्फ फोडून सरपण गोळा करत होत्या. बीमनने वर्तमानपत्रवाल्यांना उघड सांगितलं होतं, एक तासभर खुर्ची मिळाली तर फौज बोलावून चिमण्या पेटवून दाखवीन. राज्याची फौज गावाबाहेरच्याच स्टेशनात आगगाडीत बसवून ठेवलेली होती. नुसत्या एका हुकुमाची खोटी होती.

ड्रुसिलाला चीड आली होती ती वेगळ्याच गोष्टीची. थॅडला तिने मांडीवर खेळवलं होतं. तो खेड्यातला मास्तर होता तेव्हा त्याची भाषणं तिने ऐकली, जिल्ह्याचा सरकारी वकील झाला तेव्हा ती नीट लिहून काढली, आमदार झाला तेव्हा त्यांतली, विरोधकांचंही कसं बरोबर आहे हे सांगणारी अर्धी पानं तिने कापून टाकली. आयुष्यभर ती याच्या मागे लागली होती की बाबा, एकदा तरी कशावर तरी ठाम उभा राहा. आणि हा उभा राहिला तो नेमका आता, आई मरायला टेकली असताना.

तो का उभा राहिलाय हेही तिला ठाऊक होतं. पूर्वी एका खाणीच्या गावात अशीच फौज गेली होती आणि गोळीबार झाला होता. थॅड तेव्हा तिथला सरकारी वकील होता. मेलेल्यांची नावं नोंदवायला तो घरोघर गेला होता. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही, पण त्यानंतर कित्येक महिने जेवणाच्या टेबलावर कुणी ताट जोरात ठेवलं तरी तो दचकायचा.

"उद्या कारखान्याचे मालक भेटायला तयार झालेत," तो म्हणाला. "पहिल्यांदाच. एक दिवस, ड्रू."

"आईला सांगते. तुझ्या मालकांच्या सोयीनं मरण पुढं ढकल म्हणावं."

मग नखाने काचेवरचं बर्फ खरवडत, तिच्याकडे न बघता त्याने विचारलं, "आई खरंच इतकी आजारी आहे? की ऑरिनला मी तिकडे गेलेला हवाय?"

ओले हातमोजे ड्रुसिलाने पुन्हा चढवले आणि ती जिना उतरली. खाली बीमन अदबीने उठून उभा राहिला, आईची चौकशी केली. ती त्याच्याकडे न बघताच बाहेर पडली.

बग्गी पुलावरून जाताना तिचा राग काही केल्या उतरेना. सख्ख्या भावाबद्दल असा संशय! पण पूल संपला, ऑरिनचे गुरांचे वाडे लागले, आणि तिच्या लक्षात आलं की संशय काही पुलावर राहिला नव्हता, तिच्याबरोबर बग्गीत बसून आला होता. वाडे गच्च भरले होते. ऑरिन सगळी गुरं त्याच कारखान्याला विकायचा. संपामुळे ती जागीच उभी होती, गव्हाणीतला चारा संपत आला होता, आणि त्यांचं हंबरणं वरच्या घरापर्यंत ऐकू येत होतं.

ऑरिन स्वयंपाकघरात बूट काढून चुलीशी पाय शेकत बसला होता. त्याची बायको फिलीना कणसाच्या पिठाचा पाव कापत होती. ड्रुसिलाने कोट न काढताच विचारलं.

"तू बीमनला काही बोललायस का?"

फिलीनाची सुरी थांबली. ऑरिनने पाय आवरून घेतले.

"काय बोलायचं?"

"हेच. की आई आजारी आहे, थॅड येईलच, तयारीत राहा."

"आई आजारी आहेच ना?" ऑरिन म्हणाला. "मी खोटं काय बोललो?"

मग तो बोलतच सुटला. बाप गेला तेव्हा नांगर कुणी धरला? थॅडला शाळेत कुणी धाडलं? तो कायदा शिकत होता त्या वर्षी उत्तरेकडची जमीन कुणी विकली? गव्हर्नर झाल्यावर भाषणात सांगतो, मी शेतकऱ्याचा मुलगा. शेतकरी मी आहे, तो नुसता मुलगा आहे. आणि आता माझी गुरं डोळ्यांदेखत वाळतायत, तर साहेबांना पोलिश लोकांची दया येते. यातलं बरंचसं खरं होतं, म्हणूनच ड्रुसिलाला ते ऐकवेना. एक भाऊ आईला सोडून संप सांभाळतोय, दुसरा आईला आमिष म्हणून वापरतोय, आणि दोघांनाही आपलं अगदी बरोबर आहे असं वाटतंय. तिला वाटलं, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. लहानपणी ती तसं करायची आणि त्याचा गुण यायचा.

तेवढ्यात मागच्या खोलीतून चमच्याने पलंगाचा लोखंडी दांडा वाजला. आई बोलवत होती.

आईचं तोंड पार सुकलं होतं, पण डोळे ठणठणीत जागे होते. मधल्या भिंतीला फळ्याच होत्या, तिने सगळं ऐकलं होतं. तरी तिने ड्रुसिलाकडून पुन्हा पहिल्यापासून सांगवून घेतलं. हद्द, अधिकार, फौज, बीमन. ड्रुसिलाने काही लपवलं नाही. आईशी खोटं बोलण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"बीमन," आई म्हणाली. दम लागायचा म्हणून ती वाक्यं तोडून बोलायची. "एझ्रा बीमनचा नातू? दुकानवाल्या?"

"तोच."

"तो पण पूल ओलांडून आला तर? मग गव्हर्नर कोण?"

ड्रुसिलाला क्षणभर ताप बोलतोय असंच वाटलं. मग तिने सांगितलं, मग सिनेटचे अध्यक्ष, म्हातारे टॉलिव्हर निम्स. ते राजधानीत असतात. थॅडचे जुने स्नेही.

"तो काही करील?"

"निम्स? सभागृहात झोप लागली तर त्यांना हलवून उठवावं लागतं."

"मग झालं," आई म्हणाली. "बीमनला जेवायला बोलवा."

आईने डोळे मिटले, श्वास गोळा केला आणि ऑरिनला आत पाठव, दार लोटून घे, असं सांगितलं.

आत काय झालं ते ड्रुसिलाला कधीच कळलं नाही. ती आणि फिलीना चुलीशी उभ्या होत्या. आतून फक्त आईचं खोकणं ऐकू आलं. ऑरिनचा आवाज एकदाच आला, लहान मूल कुरकुरतं तसा. बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो कुणाकडे न बघता ओसरीतल्या टेलिफोनकडे गेला, हॉटेल मागितलं आणि बीमनला सांगितलं की आई तुमच्या आजोबांना ओळखायची, तिला तुम्हाला एकदा बघायचंय. थॅडचं काय, असं पलीकडून विचारलं असणार. ऑरिन म्हणाला, "तो काही हलायला तयार नाही. तुम्ही तरी या."

बीमनला नाही म्हणता येईना. मरणाच्या दारातल्या बाईचा निरोप नाकारला, ही बातमी कुठल्याच पुढाऱ्याला परवडत नाही. शिवाय त्याचं गेलं काय? गव्हर्नर हॉटेलात. पुलाशी आपला माणूस. काही हालचाल झालीच तर तो टेलिफोन करील, आणि मोटारीने परत यायला कितीसा वेळ?

ड्रुसिला बग्गी घेऊन पुन्हा निघाली. घोडी बिचारी तिच्यापेक्षा वैतागली होती. पुलाच्या मध्यावर बीमनची काळी मोटार समोरून आली. त्याने टोपी उचलली. या वेळी ड्रुसिलाने मान तुकवली.

थॅडला समजावणं हे सगळ्यांत कठीण निघालं. त्याला कायद्यातले बारकावे सुचायला लागले. निम्सना आधी विचारायला हवं. त्याने राजधानीला टेलिफोन लावला, आणि निम्सनी आनंदाने कबूल केलं की आपण आज काहीही करणार नाही. आयुष्यभर तेच केल्यामुळे त्यांना ते अवघड नव्हतं. मग थॅडला वाटलं, हे बीमनशी कपट होतंय. ड्रुसिलाने त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला.

"बीमनशी तू सरळ वाग हवं तर उद्यापासून. आज आईशी वाग."

तो निघाला. बग्गीत तो शाळकरी मुलासारखा गुडघे जुळवून बसला होता. पुलाच्या मध्यावर हद्दीची लोखंडी पाटी मागे पडली तेव्हा त्याने तिचा हात धरला आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडला नाही. पुलाच्या हॉटेलकडच्या तोंडाशी उभा असलेला बीमनचा माणूस मात्र त्याला ओळखून टेलिफोन करायला धावत जवळच्या दुकानात शिरला होता.

टेलिफोन वाजला तेव्हा बीमन आईच्या उशाशी खुर्चीत बसला होता. ही हकिगत फिलीनाने मागाहून ड्रुसिलाला सांगितली. ऑरिनने टेलिफोन उचलला, ऐकून घेतलं, "बरं" म्हणाला आणि ठेवून दिला. बीमनने आतून विचारलं, कुणाचा होता? ऑरिन दारात आला. फिलीना म्हणाली, तुझ्या भावाचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, पण तसा कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "गुरांच्या दलालाचा. नेहमीचंच."

थॅड मागच्या दाराने आला. बूट चिखलाने भरलेले, टोपी हातात. मागच्या खोलीच्या उंबरठ्यावर तो थबकला. पलंगाच्या एका बाजूला बीमन होता, धिप्पाड, दाढी नीट कातरलेला, आणि त्याचा उजवा हात आईच्या दोन्ही हातांत होता.

बीमनला समजायला वेळ लागला नाही. त्याने थॅडकडे पाहिलं, मग ड्रुसिलाकडे, मग दाराबाहेरच्या ऑरिनकडे. तो उठू लागला. आईने हात सोडला नाही. तो अर्धा उठलेला तसाच राहिला.

"बसा," आई त्याला म्हणाली. "माझा मुलगा आलाय. त्याला जास्त वेळ नाही."

बीमन बसला. थॅड पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर बसला आणि त्याने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेर गुरं हंबरत होती. आई त्याच्या केसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, केस विरळ झाले रे तुझे. त्याची बायको लेटी बरी आहे का, मुलांचा गोवर गेला का, हे तिने विचारलं. थॅडने सांगितलं, सगळे बरे आहेत. त्याला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण लोकांसमोर तासन् तास बोलणाऱ्या त्या माणसाला तिथे एक शब्द फुटेना.

"झालं बघून?" आई म्हणाली. "आता जा."

"थोडा थांबतो, आई."

"जा म्हणते ना. मी फार वेळ धरून ठेवू शकत नाही याला."

थॅडने बीमनकडे पाहिलं. ड्रुसिलाने पाहिलं की हे दोघे, जे वर्षभर एकमेकांविषयी वर्तमानपत्रांतून बोलत होते, ते पहिल्यांदाच एकमेकांकडे नीट बघत होते. थॅडने आईच्या कपाळावर ओठ टेकले आणि तो उठला. दारात ऑरिन होता. तो बाजूला झाला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, थॅडची टोपी त्याच्या हातून घेऊन त्याने ती त्याच्या डोक्यावर नीट बसवली. "माझी घोडी ने," तो म्हणाला. "ड्रूची थकलीय."

घोडीच्या टापा उतारावरून खाली जाताना ऐकू आल्या. बीमनची मोटार फाटकाशीच उभी होती. तो आत्ता उठला असता तर पूल लागायच्या आत थॅडच्या पुढे गेला असता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मरणाऱ्या बाईच्या मुठीत जोर तो कितीसा असणार. लहान मुलानेही हात सोडवून घेतला असता. बीमनने खिडकीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. ड्रुसिलाला स्वतःचाच राग येत होता की अशा वेळी आपण आईकडे न बघता या परक्या माणसाच्या पायांकडे बघतोय.

"तुमच्या आजोबांच्या दुकानात," आई म्हणाली, "काकवीचं पिंप होतं. दाराशी."

बीमनने पाय आखडून घेतले. "होतं," तो म्हणाला. "मी त्यात एकदा पडलो होतो."

"पडलात?"

"डोक्यावर. आजोबांनी पाय धरून बाहेर काढलं आणि आधी काकवी निथळू दिली. मग मला धुतलं."

आई हसली. हसण्याने खोकला आला, खोकल्याने चेहऱ्याचा रंग गेला. फिलीना पाणी घेऊन धावली. तिने पाणी घेतलं नाही. पुढं सांगा, अशी तिने बीमनला खूण केली. बीमन सांगत राहिला. दुकानाची पडवी, तराजूत बसायची मांजर, उन्हाळ्यात दारूच्या नशेत घोडा विकून गेलेला पाद्री. त्याचा आवाज सभेतल्यासारखा मोठा नव्हता. आई ऐकत होती की नाही ते कळत नव्हतं. मग कधीतरी कळलं की ती ऐकत नव्हती.

बीमन पाद्र्याच्या गोष्टीच्या मध्येच थांबला. त्याने आपला हात ओढून घेतला नाही, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि गोधडीवर ठेवली. ऑरिन भिंतीशी उभा राहून हमसून रडत होता. ड्रुसिलाच्या डोळ्यांत पाणीच येईना. वैतागून वैतागून ते आटलंच होतं बहुतेक.

फाटकापर्यंत ती बीमनला पोचवायला गेली. त्याने मोटार सुरू केली, मग टोपी काढून घाम पुसला. एवढ्या थंडीत.

"मी मुद्दाम थांबलो असं कुठं बोलू नका," तो म्हणाला. "माझी माणसं मला फाडून खातील. मोटार बिघडली होती असं मी सांगेन."

"सांगा," ड्रुसिला म्हणाली.

"आणि निवडणुकीत मी तुमच्या भावाला पाडणार आहे. तेही सांगून ठेवतो."

त्याने तसं केलंही, पुढच्या साली. पण तो हिवाळा थॅडचा होता. मालकांनी बैठक दोन वेळा मोडली, थॅडने दोन वेळा जोडली, आणि शेवटी कामगारांना मागितलं होतं त्यातलं अर्धंमुर्धं मिळालं. कुणालाच समाधान वाटलं नाही, पण गोळी सुटली नाही. फौजेची आगगाडी रिकाम्या स्टेशनातून परत गेली. ऑरिनच्या गुरांपैकी बरीच वाचली.

आईला बापाशेजारी, थॅडच्या राज्यातल्या तीरावरच्या जुन्या शेतात पुरायचं ठरलं होतं. ऑरिनने सगळ्यांत उत्तम घोड्यांची जोडी गाडीला जुंपली. ड्रुसिला त्याच्याशेजारी बसली. पूल चढल्यावर तिला दिसलं की मध्यावर, हद्दीच्या आत आपल्याच राज्यात, थॅड काळ्या कोटात एकटाच वाट बघत उभा आहे. ऑरिनने घोडे आवरले आणि वर चढ म्हणून त्याला हात दिला. दोघं भाऊ कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. बोलले असते तर भांडले असते, हे ड्रुसिलाला माहीत होतं, म्हणून ती मधे बसून राहिली.

पूल उतरल्यावर थॅडने विचारलं, "शेवटी माझं नाव घेतलं का तिनं?"

खोटं सांगायचं ड्रुसिलाच्या अगदी ओठांवर आलं. त्याला हवं तेच ऐकवायचं, हे काम ती फार वर्षं करत आली होती.

"नाही," ती म्हणाली. "बीमनच्या गोष्टी ऐकत होती. काकवीच्या पिंपाच्या. हसली."

थॅड रस्त्याकडे बघत राहिला.

"खरंच हसली?"

"हसली," ऑरिन म्हणाला, आणि त्याने लगाम थॅडच्या हातात दिला.